दाराची दोरी

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि दार सांभाळण्यात माझा हात धरणारा कोणी नाही असं मला वाटत होतं.

दार म्हणजे घराचं नव्हे. गणपतीला आम्ही मुलुंडची मंडळी दिवा स्टेशनावरून पॅसेंजरने कोकणात गावी जातो आणि गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की त्याच गाडीने परत येतो. रिझर्वेशन आम्ही कधी केलं नाही. आमच्या वाडीची पंचवीस-तीस माणसं एकाच डब्यात शिरतात, भजन करत येतात आणि डबा भरला की आतून दार लावून घेतात. नुसती कडी पुरत नाही. पुढच्या स्टेशनांवरची माणसं बाहेरून ढकलतात, लाथा मारतात, कधी कडी निसटते. म्हणून मी काथ्याची एक दोरी नेत असे. दाराच्या मुठीपासून खिडकीच्या गजापर्यंत तीन वेढे आणि वर माझी गाठ. ती गाठ बाहेरच्याला तर नाहीच, आतल्यालाही सुटायची नाही.

पंचवीस वर्षं हे काम माझ्याकडे होतं. मंडळी म्हणायची, "काका दारार आसत, आता झोपा." ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मिल बंद पडल्यावर मी मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन लागलो आणि सव्वीस वर्षं गेटवर काढली. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण गेटवर उभं राहून माणूस वाचायला शिकलो असं मी सगळ्यांना सांगायचो. आत शिरायचं असलेला प्रत्येक जण काहीतरी कारण सांगतो. कोणाची आई आजारी, कोणाचं लहान मूल वर एकटं. निम्म्यांचं खोटं निघतं. मी ठरवून टाकलं होतं की सगळ्यांचंच खोटं धरायचं, म्हणजे चूक होत नाही.

त्या साली माझी मुलगी बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. एकुलती एक. तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे हा हट्ट माझा. जावई म्हणत होता, "बाबा, तुमच्याकडे बाईमाणूस नाही, तिला कोण बघणार?" मी म्हटलं, "मी मेलोय काय?" शेवटी असं ठरलं की विहीणबाई, म्हणजे जावयाची आई, त्यांच्या घरचा गणपती उरकून मुलुंडला येतील आणि बाळंतपण करतील. डॉक्टरांनी दिलेली तारीख तीन आठवडे पुढची होती. जावयाने त्यांचं तिकीटही काढून ठेवलं होतं, विसर्जनानंतर आठ दिवसांचं.

मी गावी जाऊ नये असं मुलीचं म्हणणं होतं. स्पष्ट बोलली नाही. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "एक वर्ष नाही गेलात तर चालणार नाही का?"

"साठ वर्षांत एकदा चुकलो नाही," मी म्हटलं. "आठवड्यात येतो. तुझा नवरा आहे ना रात्रीचा?"

माझ्या पिशवीत मी ठेवलेली दोरी तिने उचलून बघितली आणि परत ठेवली. "हे अजून करता तुम्ही?" एवढंच म्हणाली.

गणपती झाला, गौरी झाली, विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडीत बसलो. गाडी आमच्याच स्टेशनातून सुटते, त्यामुळे आम्हाला जागा चांगली मिळाली. मी मोबाईल बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला. बोगद्यांमध्ये रेंज नसते आणि बॅटरी फुकट जाते, असा माझा हिशेब.

दोन-तीन स्टेशनं दार उघडं ठेवलं. मग डबा भरला आणि भजनाचे बुवा म्हणाले, "काका, लावा आता. म्होरल्या स्टेशनार गर्दी आसा." मी दोरी काढली, वेढे घातले, गाठ मारली आणि दाराला पाठ लावून सामानावर बसलो.

दुपारी गाडी एका स्टेशनात आली. त्या स्टेशनाचं नाव मी लिहीत नाही, त्याचा काही दोष नाही. प्लॅटफॉर्म गच्च होता. गाडी थांबायच्या आधीच माणसं डब्याबरोबर धावायला लागली आणि मग दारावर हातांचा पाऊस पडला. "उघडा! उघडा!" शिव्या तर नेहमीच्याच. आमच्या पोरांनीही आतून परत केल्या. दाराच्या खिडकीची झडप मी खाली ओढली, ती खालून चार बोटं उघडी राहत होती.

त्या फटीशी एका बाईचा आवाज आला. "दादा, एकटीच हाय मी. बाईमानूस हाय. सुनेला कळा सुरू झाल्यात मुंबईत, तिच्याजवळ कोन नाय. उभी ऱ्हाईन, संडासाजवळ बसेन, एवढी आत घ्या."

आमच्याच डब्यातली एक सुनबाई म्हणाली, "काका, एकटी बाई आहे, घ्या ना."

बुवा म्हणाले, "एकाक घेतलंत तर पाठसून पन्नास येतली."

मला बुवांनी सांगायची गरज नव्हती. माझं उत्तर तयारच होतं. मी फटीकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, "मावशे, गेल्या वर्षी पण एकीच्या सुनेला कळा लागलेल्या! तिला पोर काय झालं नाय अजून!"

डबा फुटला हसून. कोणीतरी ढोलकीवर थाप मारली. "काका म्हणजे काका!" मीही हसलो. बाहेरून ती बाई अजून काहीतरी बोलत होती, पण ते त्या हसण्यात गेलं. मग गाडी हलली. फटीतून मला एक पिशवी दिसली, खताच्या पांढऱ्या गोणीची शिवून केलेली, वर लाल कापडाने बांधलेला डबा. पिशवी थोडा वेळ आमच्याबरोबर धावली आणि मागे राहिली.

एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. डब्यात जागा होती. फार नव्हती, पण एका बाईपुरती होती. समोरच्या बाकावर पखवाज ठेवला होता आणि त्याच्या बाजूला माझी नारळांची पिशवी.

दिव्याला उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. लोकल पकडून मुलुंडला आलो. खोलीला कुलूप. शेजारच्या वहिनी दारातच उभ्या होत्या, त्या माझ्यावर खेकसल्या. "काका, फोन कुठे फेकलात? सकाळपासून जावई तुमचे फोन लावून लावून थकले. मुलीला सकाळीच नेलंय."

प्रसूतिगृह दहा मिनिटांवर. मी नारळांची पिशवी घेऊनच चालत सुटलो. जावई बाहेरच्या बाकावर बसला होता, पवईच्या ऑफिसचा गणवेश तसाच अंगावर. एसीच्या कामाला जायला निघाला होता आणि तिथूनच तिला घेऊन आला.

"मुलगी झाली," तो म्हणाला. "पावणेसहाला. दोघी बऱ्या आहेत."

मी हात जोडले. मग त्याने बाकीचं सांगितलं. तिथे आत बायकांशिवाय कोणाला सोडत नाहीत. प्रत्येकीबरोबर एक बाई, बस. आमच्याकडून आत जायला बाई नव्हती. शेजारच्या वहिनी थोडा वेळ येऊन गेल्या, पण त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू. नऊ तास मुलगी आत एकटी होती. पाणी पाहिजे तर दुसऱ्या बाईच्या आईला सांगायची. आयाबाई बाहेर आली की जावई विचारायचा आणि आयाबाई सांगायची, "सारखी विचारतेय, आई आल्या का, आई आल्या का." विहिणीला ती आईच म्हणते.

"आईला मी सकाळीच कळवलं," तो म्हणाला. "होती तशी निघाली. स्टेशनवर आली, पॅसेंजर आलीसुद्धा, पण कोणी दार उघडलं नाही. प्रत्येक डब्याशी गेली ती. एका डब्यात कोणीतरी म्हातारा होता म्हणे, त्याने वर तिचीच मस्करी केली. पायाशी गाडी थांबली होती तिच्या! आता एसटीने निघाल्येय, सकाळी पोचेल."

मी बाकावर बसलो. नारळांची पिशवी मांडीवर होती. तिच्यात वरच ती दोरी होती.

"तुम्ही कशाने आलात?" त्याने विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. सहज विचारलं.

"एसटीने," मी म्हणालो.

आयुष्यात मी खोटं फार बोललो नाही. खोटं बोलणाऱ्याला ओळखतो याचाच मला गर्व होता. पण तो शब्द तोंडातून असा निघाला की जणू सकाळपासून तयार करून ठेवला होता.

मग मी मुलीला बघायला उठलो. वॉर्डच्या दारात एक वॉचमन होता, पन्नाशीचा, मी घालायचो तसाच खाकी घातलेला. "आजोबा, पुरुषांना आता नाही. चार ते सहा, नायतर सकाळी सात ते आठ."

"बाप आहे मी तिचा," मी म्हटलं.

"सगळे तेच सांगतात," तो म्हणाला.

एरवी मी त्याच्याशी भांडलो असतो. त्या दिवशी मागे फिरलो.

सकाळी विहीणबाई आल्या. ठाण्याला एसटीतून उतरून रिक्षाने थेट प्रसूतिगृहात. मी बाहेरच होतो, सातला आत जायचा धीर झाला नव्हता. रिक्षातून आधी पिशवी खाली आली, खताच्या गोणीची, वर लाल कापडाने बांधलेला डबा. माझी खात्री पटायची काही बाकी नव्हतीच, तरी ती पिशवी उचलायला मी पुढे झालो नाही. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता, सुतळीने बांधला होता. पाय सुजले होते. रात्रभर उभं राहून आल्या होत्या.

मी म्हटलं, "या विहीणबाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं, थोडा जास्त वेळ बघितलं. "नात झाली नव्हं? बरं झालं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दिवसभर त्या मुलीजवळ बसल्या. चार वाजता मला आत सोडलं. पोरगी कापडात गुंडाळलेली, डोळे मिटलेले, मूठ आवळलेली. मुलीचा चेहरा उतरला होता. मला बघून तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही यंदा एसटीने आलात ते बरं. आईंना गाडीत कोणी घेतलं नाही. अडीच तास स्टेशनवर बसल्या. मी इथे त्यांचीच वाट बघत होते. कसली माणसं असतात हो बाबा?"

मी पोरीच्या मुठीकडे बघत राहिलो. विहीणबाई डब्यातला डिंकाचा लाडू फोडत होत्या. "जाऊ दे गं," त्या म्हणाल्या. "खा आधी."

सात वाजता त्या आंघोळीला आणि जेवायला माझ्या खोलीवर आल्या. तेवढ्यापुरत्या शेजारच्या वहिनी मुलीजवळ जाऊन बसल्या. जावई घरून कपडे आणायला गेला होता. मी भात लावला होता, डाळ केली होती. बायको गेल्यापासून मला येतं. विहीणबाई आंघोळ करून बसल्या, मी ताट वाढलं. त्या जेवू लागल्या. मी स्टोव्ह पुसत उभा होतो, कारण पुसण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

"व्याही," त्या म्हणाल्या.

"हां."

"गेल्या वर्षी जिच्या सुनेला कळा लागलेल्या, तिला पोर झालं का वो?"

फडका माझ्या हातात तसाच राहिला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं, मी रागाला राग देऊ शकतो. त्यांनी भाताचा घास केला, डाळीत बुडवला, खाल्ला.

"तुम्ही मला ओळखलंत?" मी विचारलं.

"आवाज वळखला. लग्नात तुम्ही भटजीशी भांडलात, तो आवाज इसरन व्हय मी?" पाण्याचा घोट घेतला. "दोनदा हाक मारली मी. व्याही, मी हाय, म्हनून. तुमची मानसं हसत होती."

मला ऐकू आलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो. त्यांनाही सांगितलं, "आई शप्पथ, ऐकू आलं नाही. आलं असतं तर उघडलं नसतं काय? आपल्या माणसाला कोण बाहेर ठेवेल?"

"तेच म्हनत्ये मी," त्या म्हणाल्या. "आपल्याला उघडलं असतंत."

मी त्या एका वाक्याशी मनातल्या मनात भांडत राहिलो. पन्नास जण शिरले असते. आमच्या बायका-पोरांचा जीव घुसमटला असता. सगळेच डबे लावतात, मीच काय एकटा लावतो? सगळं खरं आहे. पण मग ती दुसऱ्या कोणाची विहीण असती, तर आज मी हसतच जेवायला बसलो असतो आणि पुढच्या वर्षी तीच मस्करी पुन्हा केली असती. हे जेव्हा ध्यानात आलं तेव्हा माझी मान खाली गेली. वर येईना.

पंचवीस वर्षांत त्या फटीपाशी किती आवाज आले असतील. मला त्यातला एकही आठवत नाही. माझी उत्तरं मात्र आठवतात, सगळी, कारण त्यांना हशा मिळाला होता.

ताट धुवायला मी घेतलं तर त्यांनी घेऊ दिलं नाही. स्वतः धुतलं. निघताना दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "लेकाला तुम्ही एसटीनं आल्याचं सांगितलंत जनू."

"हो."

"मी नाय काय सांगनार. तुमचं तुम्ही बघा."

मी चांभाराकडून त्यांची चप्पल शिवून आणतो म्हटलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या आणि त्या सुतळीच्या चपलेने जिना उतरल्या.

न सांगायला कारणं पुष्कळ होती. त्यांनी तोंड मिटलं होतं. आमच्या वाडीच्या कोणाला ती बाई कोण हे माहीत नव्हतं. जावई विचारणार नव्हता. मुलगी आधीच थकलेली, तिला कशाला त्रास, हेही मी स्वतःला सांगून बघितलं. गेटवर लोक जी कारणं सांगायचे ती सगळी एकेक करून माझ्याकडे आली आणि मी त्यांना ओळखलं. शिवाय एक भीती होती, ती लिहायला लाज वाटते. मुलगी मला मानते. तिची आई गेल्यावर या जगात मला मानणारं तेवढंच माणूस उरलं होतं. ती म्हणाली होती, कसली माणसं असतात. तिने मला तसल्या माणसांत धरलं की माझ्याकडे काय राहिलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, थर्मासमध्ये चहा भरला आणि पिशवीतली दोरी काढून हातात घेतली. सातला पाच कमी असताना वॉर्डच्या दाराशी पोचलो. वॉचमनला म्हटलं, "भाऊ, वेळ झाली की सोडा." तो घड्याळ बघून म्हणाला, "थांबा जरा." मी थांबलो.

आत जावई आधीच आला होता. विहीणबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी थर्मास खाली ठेवला आणि दोरी पलंगाच्या पायथ्याशी चादरीवर ठेवली. मुलीने ती ओळखली. माझ्या पिशवीतून तिनेच काढून बघितली होती ना.

"मी एसटीने आलो नाही," मी म्हणालो. "पॅसेंजरने आलो. दार मी बांधलं होतं. मस्करी करणारा म्हातारा मीच."

जावई उभा राहिला आणि खिडकीशी गेला. मुलीने माझ्याकडे बघितलं, मग विहिणीकडे. विहीणबाई पोरीचं टोपरं नीट करत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्ही होतात?" मुलगी म्हणाली. "तुम्ही, बाबा?"

"हो."

ती भिंतीकडे तोंड करून वळली. बाजूच्या पलंगावरच्या बायका बघत होत्या. मी विहीणबाईंच्या समोर गेलो, एकाहत्तर वर्षांत कोणापुढे वाकलो नव्हतो तो खाली वाकलो आणि त्यांच्या सुजलेल्या पायांना हात लावला. मग थर्मासमधून तीन कप चहा ओतला, तिघांच्या हाताशी ठेवला, आणि कोणी तो घेतला नाही तरी आठ वाजेपर्यंत तिथेच उभा राहिलो.